पट्टे कुठून सुरू होतात?

जून लागला की सर्पमित्रांच्या मोबाइलवर एकाच साच्याचे फोटो येऊ लागतात. फरशीवर वीत-दीड वीत लांबीचं काहीतरी, शेजारी झाडू किंवा चप्पल, फोटो हललेला, आणि खाली दोनच प्रश्न: कोणता आहे? विषारी आहे का? पुष्कळदा फोटोतला साप आधीच ठेचलेला असतो. चौकशी होते ती शिक्षा देऊन झाल्यावर.

या शिक्षेत हकनाक बळी जाणारा ठरलेला साप म्हणजे कवड्या. घरात निघालेला साप लहान दिसला की ते कुणाचं तरी पिल्लूच असणार, असं धरून चाललं जातं. अंगावर आडवे पट्टे दिसले की ते मण्यारीचं पिल्लू ठरतं आणि मग 'याची आई इथंच कुठंतरी असेल' म्हणून सगळी वाडी काठ्या घेऊन उभी राहते. सापांत आई पिल्लांमागे फिरत नाही. शिवाय पूर्ण वाढलेला कवड्या मुळातच दीड-दोन फुटांचा असतो. पिल्लू म्हणून मारलेला साप कित्येकदा चांगला प्रौढ असतो.

तपकिरी अंग, त्यावर पांढरट-पिवळसर आडवे पट्टे, चपटं डोकं आणि किंचित बाहेर आलेले काळेभोर डोळे, हे कवड्याचं रूप. तो निशाचर आहे आणि त्याचं आवडतं खाणं म्हणजे पाली. ट्यूबलाइटभोवती किडे जमतात, किड्यांमागे पाली येतात आणि पालींमागे कवड्या. खडबडीत भिंत तो सहज चढतो. म्हणून तो मीटरच्या पेटीमागे, खिडकीच्या चौकटीतल्या फटीत, क्वचित दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतही सापडतो. त्याच्या जबड्यात पुढचे काही दात लांब असतात. गुळगुळीत अंगाची सापसुरळी निसटू नये म्हणून ते उपयोगी पडतात. त्याच दातांवरून त्याच्या शास्त्रीय नावात लांडगा शिरला आहे. हाताळला तर तो चिडून चावतो, थोडं रक्त येतं. विष मात्र नाही.

मण्यारीची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात माणसाचा जीव घेणारे चार प्रमुख साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यातल्या मण्यारीचं विष अत्यंत जहाल आणि तिचा वावर नेमका माणसाच्या झोपेच्या वेळी. कवड्याशी तिचं साम्य वरवरचं आहे, पण अर्ध्या रात्री चाळीस वॉटच्या उजेडात वरवरचंच दिसतं.

फरक बघायचा तो पट्टे कुठून सुरू होतात यात. कवड्याचा पहिला पट्टा मानेवरच असतो, कॉलरसारखा रुंद. पुढच्या अंगावर पट्टे ठळक असतात, मागे जाताना फिके होत जातात आणि शेपटीवर जवळजवळ पुसून जातात. मण्यारीचं याच्या उलट. डोक्यामागे बराच भाग कोरा किंवा नुसते पांढरे ठिपके, मग बारीक पांढरे पट्टे सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने, आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. अंग काळं कुळकुळीत, त्यावर निळसर झाक आणि तुकतुकी. वरचा ओठ पांढरा.

इतकं कळलं की आपल्याला साप ओळखता येतो असं वाटायला लागतं, आणि धोका तिथंच आहे. मण्यारीच्या पिल्लांत पट्टे पुष्कळदा मानेच्या जवळून सुरू होतात. काही प्रौढ मण्यारींवर पट्टे इतके अंधुक असतात की साप निव्वळ काळा दिसतो. कात टाकायला आलेला कुठलाही साप मळकट, दुधाळ दिसतो आणि त्याचा रंग काहीच सांगत नाही. म्हणून जाणकार माणूस रंगावर अंदाज बांधतो, निकाल देत नाही.

निकाल खवल्यांवर लागतो. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध, कण्यावरून जाणारी खवल्यांची एक रांग असते. तिच्यातले खवले शेजारच्यांपेक्षा मोठे आणि षटकोनी असतात. कवड्याच्या पाठीवर सगळे खवले सारख्या मापाचे. दुसरी खूण पोटाच्या बाजूने, शेपटीखाली. कवड्याच्या शेपटीखालचे खवले मधोमध दुभंगून दोन रांगांत बसलेले, मण्यारीचे एकसंध, एकाच रांगेत. यातली एकेक खूण दुसऱ्या काही सापांतही आढळते, पण तुकतुकीत काळ्या अंगावर दोन्ही एकत्र दिसल्या की शंकेला जागा राहत नाही.

जिवंत सापाची शेपटी उलटी करून बघण्याचा आचरटपणा अर्थातच कुणी करायचा नाही. यासाठी कात आहे. परसात, लाकडांच्या ढिगात किंवा माळ्यावर सापडलेली कात लोक घाईघाईने जाळून टाकतात, आणि घरात कोण येऊन गेलं याचा हाती आलेला पुरावा नाहीसा करतात. कात काठीने उचलावी, पाण्यात टाकून मऊ होऊ द्यावी आणि काळ्या कापडावर अलगद पसरावी. साप कात टाकतो तेव्हा ती उलटी होत निघते, त्यामुळे आपल्याला दिसते ती बहुधा आतली बाजू. डोळ्यांवरचे पारदर्शक खवलेसुद्धा तिच्यात जसेच्या तसे सापडतात. रुंद आडव्या पट्ट्या दिसतात ते पोट. त्याच्या विरुद्ध बाजूला मधल्या रांगेवर बोट ठेवायचं आणि शेजारच्या खवल्यांशी माप ताडून बघायचं. साधं भिंग पुरतं, मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही काम भागतं. एक लक्षात ठेवायचं: कात ताणलेली असते, सापापेक्षा चांगलीच लांब. चार फुटांची कात बघून चार फुटांचा साप शोधत बसू नये.

मण्यारीच्या बाबतीत एवढी चिकित्सा करायची ती तिच्या दंशाच्या तऱ्हेमुळे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणा कित्येकदा दिसतही नाहीत. माणूस कुशीवर वळून पुन्हा झोपतो. पहाटे पोटात कळा येऊ लागतात, घसा धरतो, पापण्या उघडता उघडत नाहीत. घरातले पित्त समजून सोडा पाजतात. विष मज्जातंतूंवर काम करतं आणि हळूहळू श्वासाचे स्नायू थांबवतं. लुळेपणा एकदा आला की प्रतिविषाचा प्रभाव कमी पडतो आणि रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवून वाट बघावी लागते. कोकणात महाडला राहून विंचूदंश आणि सर्पदंशावर आयुष्यभर काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मण्यारीच्या दंशाच्या अशा रुग्णांवर वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं आहे. पावसाळ्यात खेड्यातला माणूस पहाटे अचानक पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या जड दिसल्या, तर आधी मण्यार आठवावी.

यावरचा उपाय मात्र अगदी स्वस्त आहे. आग्नेय नेपाळच्या सखल भागात झालेल्या एका अभ्यासात, मच्छरदाणी लावून झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतात असं दिसलं. अट एकच, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचलेल्या हव्यात.

घरात निघणारा सगळ्यांत लहान साप वेगळाच. न्हाणीघरात मोरीजवळ, कुंडी हलवली की तिच्याखाली, किंवा पहिल्या पावसानंतर ओट्याच्या कडेला एक काळसर, चकचकीत, वळवळणारा जीव दिसतो आणि घरातले लोक दोन तट पाडतात: गांडूळ म्हणणारे आणि सापाचं पिल्लू म्हणणारे. तो असतो वाळा. पूर्ण वाढ झाली तरी जेमतेम वीतभर. गांडुळाच्या अंगावर वळी असतात आणि ते ओलसर, मऊ लागतं. वाळ्याच्या अंगावर बारीक घट्ट खवले असतात, तो कोरडा तुकतुकीत असतो आणि नीट बघितलं तर मधूनच जीभ बाहेर काढतो. डोळे म्हणजे खवल्यांखाली झाकलेले दोन काळे ठिपके. शेपटीच्या शेवटी एक इवलंसं अणकुचीदार टोक असतं. ते तो हातात धरणाऱ्याला टोचतो आणि लोकांना वाटतं डंख मारला. मुंग्या-वाळवीची अंडी, अळ्या आणि कोष हा त्याचा आहार. त्याच्या तोंडात माणसाचं कातडं मावणारही नाही.

असा हा क्षुल्लक वाटणारा जीव जगातला सर्वांत दूरवर पसरलेला साप आहे. कुंड्यांच्या मातीतून, रोपांच्या मुळांतून तो अमेरिकेत फ्लोरिडाला, प्रशांत महासागरात हवाईला, ऑस्ट्रेलियाला जाऊन पोहोचला. इतका पसारा त्याला जमला कारण या जातीत नरच नाहीत. सगळ्या माद्या, आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. एक मादी कुंडीतून उतरली की नवी वसाहत सुरू.  मण्यारीची लहान पिल्लं मात्र याच वाळ्यांवर वाढतात.

पट्ट्यांची जोडी संपली की ठिपक्यांची जोडी येते. डुरक्या घोणस नावातच घोणस मिरवतो, पण आहे बिनविषारी. तो आखूड, जाड, अंगावर वेडेवाकडे तपकिरी डाग, बोथट आणि खरखरीत शेपूट. खऱ्या घोणशीच्या अंगावर मात्र साखळीसारखे लंबगोल ठिपके तीन ओळींत नीट मांडलेले असतात, डोकं त्रिकोणी आणि मान स्पष्ट बारीक. चिडली की तिचा फूत्कार दूरवर ऐकू येतो, कुकरची शिट्टी अडकल्यागत. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते, बहुधा एका वेळी वीस ते चाळीस. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या सुरुवातीला ही वीतभर पिल्लं इकडेतिकडे दिसतात. पिल्लू असलं तरी पहिल्या दिवसापासून विषारी. 'पिल्लाचं विष जास्त जहाल' हे मात्र ऐकीव. मोठ्या सापाकडे विषाचा साठा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे मोठा साप जास्त घातक.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात 'लहान म्हणजे निरुपद्रवी' हा हिशेब फुरशापाशी कोलमडतो. फूट-दीड फुटाचं हे जनावर कातळावर, जांभ्या दगडांच्या गडग्यांत, आंबा-काजूच्या पाचोळ्यात पडून असतं. डोक्यावर बाणासारखी खूण. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते खरखर आवाज करतं. तो आवाज ऐकून कोकणातला माणूस पाऊल जागच्या जागी थांबवतो, ते शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही.

नागाची पिल्लं ओळखायला सोपी, अंड्यातून निघाल्यापासून फणा काढतात. नानेटी, तस्कर, कुकरी, दिवड हे अंगणातले बाकीचे शेजारी बिनविषारी. दिवड चिडकी आहे, तिच्या डोळ्याखालच्या दोन काळ्या तिरप्या रेघा तिची ओळख पटवायला पुरेशा असतात.

'त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी' हा नियम आपल्याकडे फार लोकप्रिय आहे आणि फार घातकही. घोणस-फुरशांना तो लागू पडतो. नाग आणि मण्यार त्यात बसत नाहीत. उलट मांजऱ्या सापाचं डोकं मानेहून चांगलं रुंद, डोळ्यांतल्या बाहुल्या मांजरासारख्या उभ्या, आणि विष माणसाला धोका होण्याइतकं नाही. ज्या नियमात मण्यार सुटते तो नियम महाराष्ट्रात न वापरलेला बरा.

दंश झालाच तर ओळखीचा हट्ट सोडून द्यायचा. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. साप मारून पिशवीतून दवाखान्यात नेण्याच्या नादात पहिला तास जातो आणि मेलेल्या सापाच्या तोंडालाही हात लागून दंश होऊ शकतो. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष या चारही सापांवर एकच आहे, त्यामुळे डॉक्टर सापाकडे नव्हे, रुग्णाकडे बघतात. पापण्या जड होत आहेत का, गिळता येतं का, हिरड्यांतून रक्त येतं का. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता उभी ठेवतात, मग तिरकी करतात. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरसं. इतकी साधी चाचणी तालुक्याच्या दवाखान्यातही होते. घरच्यांनी करायचं ते एवढंच: अवयव हलवू द्यायचा नाही, दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, 108 ला फोन लावायचा.

दंश नसेल आणि साप नुसताच समोर असेल, तर दोन-तीन मीटरवरून फोटो काढावा, शक्यतो डोकं आणि मान येईल असा, कारण नुसत्या शेपटीवरून कुणी काही सांगू शकत नाही. 1980 साली पुण्यात नीलिमकुमार खैरे 72 विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत 72 तास राहिले आणि सुखरूप बाहेर आले. साप आपणहून माणसाच्या वाटेला जात नाही, हे दाखवायचा त्यांचा उद्देश होता. त्याचं अनुकरण करायचं कारण नाही, पण खोलीचं दार लावून, दाराखाली ओलं पोतं सारून, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा जवळच्या सर्पमित्राला फोन करण्याइतका धीर धरता येतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिलं आहे, आणि त्यात कवड्याही आला.

साप गेल्यावर तो कुठून आला हे शोधावं. पावसाळ्यात बहुतेक वेळा उत्तर न्हाणीघरात मिळतं: मोरीची जाळी फुटलेली असते, किंवा पाणी लवकर जावं म्हणून कुणीतरी काढून ठेवलेली असते.