पंचांग, पीक आणि पंगत : गटाने काढायच्या खाद्यसहलीची आखणी

खाद्यसहलीत मुक्काम ठरतात पदार्थांवरून आणि पदार्थ ठरतात हंगामावरून. नेहमीच्या सहलीत आधी ठिकाणे पक्की होतात, मग गाडी, मग खोल्या. जेवणाचे वाटेत पाहून घेतले जाते. इथे हा क्रम पुरता उलटतो. मराठी माणसाला हे उलटणे जरा अधिकच जाणवते, कारण आपल्याकडच्या गटसहलींचा धंदा वाढला तो वेगळ्याच आश्वासनावर: सोबत आपला आचारी असेल, सिमल्यातही सकाळी पोहे आणि रात्री वरणभात मिळेल. परमुलखात घरचे जेवण ही त्या सहलींची ओळख होती. खाद्यसहलीला निघणाऱ्याने घरचे जेवण घरीच ठेवायचे असते, आणि ते वाटते तितके सोपे नसते.

आखणीची सुरुवात हंगामापासून करावी लागते. हापूस एप्रिल-मेमध्ये. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत केवळ ताज्या सुरमई-पापलेटासाठी मालवण गाठणाऱ्या गटाच्या ताटात बहुधा बर्फातला साठाच येतो. त्याच दिवसांत सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर रानभाज्या उगवलेल्या असतात, पण त्यांच्यासाठी सहल काढणारे थोडे. खानदेशातले भरीत हिवाळ्याचे. हिरवट, लांबट वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची आणि हिरव्या मिरचीसह ठेचायची, हा तिथला रिवाज. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणाऱ्या घरांत ते चंपाषष्ठीला पुन्हा ताटात येते, तेही खंडोबाच्या नैवेद्याचे भरीत-रोडगे म्हणून. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खापरावरचे मांडे आणि आमरस हा बेत मात्र आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. खानदेशाची ही दोन्ही वैभवे एकाच फेरीत भरात सापडत नाहीत. एक निवडावे लागते. रायगडात वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला लावून पोपटी करतात, तीही थंडीतच.

एकाच फेरीत बरेच काही साधायचे तर जानेवारीतला पुणे–सोलापूर–मंगळवेढा–सांगली–कोल्हापूर हा मार्ग सर्वांत सोयीचा. कोल्हापूरहून पुण्याला परतेपर्यंत एकूण अंतर सुमारे सातशे किलोमीटर, चार दिवसांत निवांत होणारे. या महिन्यात मंगळवेढ्याकडची ज्वारी हुरड्यावर आलेली असते आणि कोल्हापूर भागातली गुऱ्हाळे चालू असतात. फक्त एक काळजी घ्यावी. मकर संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक पाहायची असेल तर खोल्या फार आधी धराव्यात. पाहायची नसेल तर ते दिवस टाळावेत. अर्धवट बेताने त्या गर्दीत सापडलेल्या गटाला ना यात्रा नीट दिसते ना जेवण नीट मिळते.

सोलापुरात घाई करू नये. ज्वारी-बाजरीची कडक भाकरी, उखळात किंवा खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी, शेंगापोळी, गव्हाची हुग्गी या साऱ्या पदार्थांत कर्नाटकाचा शेजार उघड दिसतो. कडक भाकरी महिनोन्महिने टिकते, त्यामुळे ती बांधूनही नेता येते. हुग्गी मात्र जागेवरच खायची.

मंगळवेढा हे ज्वारीचे कोठार. ओल धरून ठेवणारी इथली काळी जमीन रब्बीच्या मालदांडी ज्वारीला मानवते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये मानांकन मिळाले. हुरडा म्हणजे हीच ज्वारी दाणा भरल्यावर, पण टणक होण्याआधी. दाण्यातल्या साखरेचे पुरते पिठूळ व्हायचे असते तेवढ्यात. एका शेतातला हुरडा आठवडा-दहा दिवसच टिकतो. खास हुरड्यासाठी गूळभेंडी, सुरती अशी गोड वाणे लावतात. जमिनीत खळगा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, निखाऱ्यात कणसे खुपसायची, फिरवत राहायचे आणि गरम असतानाच ती हातावर चोळून दाणे मोकळे करायचे. चोळणाऱ्याचे तळवे लाल होतात. गाव सोडून शहरात गेलेल्यांना हे काम दोन कणसांपलीकडे झेपत नाही. मुठीतला हुरडा फुंकून भुसा उडवला की तो लगेच तोंडात गेला पाहिजे. सोबत लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. निवला की दाणा चिवट होतो. एका आगटीवर आठ-दहा माणसांपुढे वेळेत हुरडा ठेवता येतो. तीस माणसे असली तर तीन आगट्या आणि तीन चोळणारे लागतात, आणि हे शेतमालकाशी आधी बोलून घ्यावे लागते. ज्या ठिकाणी एकच आगटी आणि शंभर माणसे असतात, तिथे हुरडा तोंडी लावण्यापुरता येतो आणि पोट भरते ते मिसळ-भज्यांवर.

सांगलीत भडंग, बेदाणा आणि हळद. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीखाली पेवे खोदलेली असत. २००५ च्या महापुराने त्यांचे मोठे नुकसान केले. हा थांबा दोन तासांचा, त्याहून जास्त नको.

कोल्हापूरला पोचण्याचा वार पंचांग पाहून ठरवावा. मटणाचे दिवस बुधवार, शुक्रवार, रविवार. खानावळी रोज चालू असल्या तरी घरगुती पंगत ठरवायची तर सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, संकष्टी हे सगळे धरावे लागते. तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से मटणाच्या एकाच अळणी पाण्यातून निघतात. एकात मिरची-मसाल्याचे वाटण पडते, दुसऱ्यात नारळाचे दूध आणि तीळ-खसखस-काजू. शाकाहारी मंडळींसाठी निराळी चूल सांगून ठेवावी, कारण भाजीचा तांबडा रस्सा म्हणून काही ठिकाणी जे वाढले जाते, त्यात याच अळणीचा पळा पडलेला असू शकतो. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध मिळते. ते पाहण्यासारखे आहे. पण कच्चे दूध वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनी पिऊ नये, हे आयोजकाने आधी सांगायला हवे.

गुऱ्हाळ बघायचे ते आधण उतरण्याच्या वेळी. काहिलीत रस पडल्यापासून गूळ होईपर्यंत अडीच-तीन तास जातात. सुरुवातीला दिसते ती नुसती वाफ. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढत राहावी लागते. चुलाणात वाळलेली चिपाडे सतत सरकवणारा माणूस वेगळा. रस दाटत जातो, बुडबुडे मोठे आणि सावकाश होतात, तेव्हा गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांत वळून पाहतो. गोळी जमली की काहील उतरते. त्याच्या थोडे आधी काढलेली ती काकवी. गरम भाकरीवर घेतली तर सहलीतल्या बाकीच्या गोड पदार्थांची आठवण उरत नाही. पाक वाफ्यात निवतो आणि मग साच्यात भरून ढेपा पडतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मानांकन मिळाले आहे. विकत घेताना पिवळ्याधमक ढेपेच्या मोहात पडू नये. तो रंग पुष्कळदा रसायनाचा असतो. काळसर तांबूस गूळ घ्यावा. काहिलीभोवती मुलांना मोकळे सोडू नये, उकळता पाक पाण्यापेक्षा फार वाईट भाजतो.

आखणीत सर्वांत जास्त चुका होतात त्या दोन आकड्यांत: दिवसाला किती खाणी आणि गटात किती माणसे. कागदावर सहा थांबे शोभून दिसतात. प्रत्यक्षात सकाळी कट ओतलेली मिसळ, अकराला काकवी-भाकरी, दुपारी ताट आणि संध्याकाळी भेळ झाली की रात्रीच्या रश्श्याला कोणी हात लावत नाही. दिवसाला एकच भरपेट जेवण आणि दोन चवी, एवढेच पोटाला पेलते. मधला वेळ बाजार, शेत किंवा नुसते चालणे यांना द्यावा.

माणसांचा आकडा बसच्या आसनांवरून ठरवू नये, चुलीवरून ठरवावा. मांड्यांचेच उदाहरण पुरे. पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत झुलवत मोठी करायची आणि उपड्या खापरावर टाकायची, हे काम एक बाई एका वेळी एकाच मांड्यावर करू शकते. एका मांड्याला तीन-चार मिनिटे धरली तरी चाळीस मांड्यांना दोन तासांहून अधिक लागतात. मग शेवटची पंगत उपाशी बसते किंवा पहिल्या पंगतीला कालचे मांडे मिळतात. पंधरा ते वीस माणसे हा आकडा बहुतेक घरगुती चुलींना झेपतो.

पैशांचा व्यवहारही याच चुलीशी जोडलेला आहे. सुगरणीला ताटामागे पैसे दिले जातात आणि तिने दोन तास उभे राहून दाखवलेल्या कसबाचे काहीच नाही, हा प्रकार सर्रास चालतो. तो चुकीचा आहे. प्रात्यक्षिकाचे मानधन ताटाच्या दरापासून वेगळे ठरवावे. पैसे घेऊन जेवण देणाऱ्या घरगुती स्वयंपाकघरालाही २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. आयोजकाने ती विचारावी आणि नसेल तर करून घ्यायला मदत करावी. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले, त्याखाली नोंदलेली केंद्रे गटाला राहण्यासाठी सोयीची पडतात. मधुमेह, शेंगदाण्याची ॲलर्जी, उपवास, कांदा-लसूण न खाणे या गोष्टींची यादी निघण्याआधी हातात असावी. सोलापूरच्या वाटेवर शेंगदाणा टाळणे जवळपास अशक्य आहे, हे ॲलर्जी असलेल्याला पैसे भरण्यापूर्वीच कळले पाहिजे.

रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली जाते, आणि हुरड्यासाठी वाण कुठले लावायचे, किती वाफे मागेपुढे पेरायचे हे शेतकरी तेव्हाच ठरवतो. जानेवारीत गट न्यायचा असेल तर मंगळवेढ्याला फोन गणपती उठल्यावर लगेच करावा. दिवाळीनंतर केलेल्या फोनला उरलेसुरले शेत मिळते.