रबरी होडी, मासेमारीची
रबरी होडी, मासेमारीची : हवेने फुगविलेल्या नळ्यांवर तरणारी, मागील फळीवर बाहेरून एंजिन अडकविता येणारी आणि हवा काढून घडी करता येणारी लहान होडी. सामान्य व्यवहारात तिला रबरी होडी म्हणतात. तथापि आज तिचे कापड बहुधा पीव्हीसीचा किंवा संश्लेषित रबराचा लेप दिलेले असते. पूरग्रस्तांची सुटका, गस्त व जहाजावरील जीवरक्षण हे तिचे मुख्य उपयोग असून हौशी मासेमारीसाठीही ती वापरतात. खाडी, कांदळवन व उथळ किनारा यांत ती सोयीची असली, तरी तिची उपयुक्तता व सुरक्षितता ही होडीपेक्षा तिच्या सज्जतेवर अधिक अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत ही सज्जता पालघर जिल्ह्यातील वसई–विरार किनाऱ्याच्या संदर्भात विवेचिली आहे.

इतिहास : फुगविलेल्या कातड्यांच्या साहाय्याने नदी ओलांडण्याची रीत फार प्राचीन असून ॲसिरियन शिल्पपटांत ती कोरलेली आढळते. पंजाबातील नद्यांवरही अशी कातडी वापरीत. रबराचा लेप दिलेले कापड उपलब्ध झाल्यानंतर १८४०–५० या दशकात पीटर हॉल्केट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने अंगरखा म्हणून पांघरता येईल व फुगविल्यास होडी होईल अशी रचना केली. मागे लाकडी फळी असलेली इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची आधुनिक होडी १९३० नंतरच्या दशकात झोडियाक या फ्रेंच कंपनीत विकसित झाली. आलँ बाँबार या फ्रेंच डॉक्टराने १९५२ मध्ये सु. ४·६ मी. लांबीच्या अशा होडीतून कानेरी बेटांपासून बार्बेडोसपर्यंत अटलांटिक महासागर ६५ दिवसांत एकट्याने ओलांडला व या होडीच्या तरण्याच्या क्षमतेकडे जगाचे लक्ष वेधले.

स्थानिक परिस्थिती : वसई–विरारच्या दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाची वसईची खाडी व उत्तरेस वैतरणा नदीचे मुख असून वैतरणेच्या मुखाशी अर्नाळ्याचे बेट व किल्ला आहे. नायगाव, पाचूबंदर, किल्लाबंदर व अर्नाळा ही येथील प्रमुख मच्छीमार ठिकाणे होत. येथील व्यावसायिक मासेमारी मुख्यतः डोळ जाळ्यांनी चालते. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना पिशवीसारखे जाळे बांधतात व भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर बोंबील, मांदेली, जवळा इ. जीव त्यात शिरतात. जाळे लावण्याच्या ठरलेल्या जागेस कव म्हणतात. कवींच्या हद्दींवरून मच्छीमार गावांमध्ये दीर्घकाळ वाद झालेले आहेत. त्यामुळे हौशी मासेमाराच्या दृष्टीने रिकामा दिसणारा समुद्र वस्तुतः वाटून घेतलेला असतो. खुंट, दोर व बोये यांच्यामधून होडी नेल्यास एंजिनाचा पंखा दोरात अडकतो, होडीचे कापड फाटू शकते आणि एखाद्या कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन तुटते. म्हणून बोये दिसताच लांबून वळसा घेणे आणि कोणत्याही खुंटाला होडी न बांधणे हा येथील पहिला नियम होय.

दुसरी महत्त्वाची बाब भरती-ओहोटीची. उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटीच्या पातळ्यांत चार मीटरांहून अधिक अंतर पडते व खाडीमुखात पाण्याला मोठी ओढ असते. अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भांगाच्या दिवसांत ही ओढ बरीच कमी असते. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील परंपरागत आडाखा असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट घ्यावी : चतुर्थीला सु. ३ वाजता, अष्टमीला सु. ६ वाजता व पौर्णिमेला सु. सव्वाअकरा वाजता पूर्ण भरती असते. हा आडाखा स्थूल असल्याने निघण्यापूर्वी छापील कोष्टकातील वेळ पाहणे इष्ट. ओहोटीचे गणित चुकल्यास होडी किनाऱ्यापासून दूर चिखलात बसते. तो चिखल चालण्याजोगा नसल्यामुळे पुढील भरतीपर्यंत होडीतच थांबावे लागते.

सर्वांत धोकादायक स्थिती ओहोटी व वारा परस्परविरुद्ध असताना निर्माण होते. हिवाळा व उन्हाळ्यात दुपारनंतर वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, तर ओहोटीचे पाणी खाडीतून समुद्राकडे धावते. अशा वेळी मुखाशी लाटा आखूड, उंच व उभ्या होतात. सकाळी आरशासारखे असलेले पाणी दुपारी लहान होडीला पार करता येत नाही, ते यामुळेच.

रचना व तरणशक्ती : होडीच्या नळीत पडदे घालून तीन किंवा अधिक स्वतंत्र कप्पे केलेले असतात, एक फाटला तरी उरलेले कप्पे होडी तरती ठेवतात. सु. ३·३ मी. लांबीच्या होडीत ४० सेंमी. व्यासाच्या नळीची एकूण लांबी सु. ७·५ मी. धरल्यास तिचे घनफळ सु. ९४० लिटर होते. ती पूर्ण बुडाल्यास सु. ९६० किग्रॅ. समुद्रजल बाजूस सारील. परंतु हा आकडा म्हणजे भारमर्यादा नव्हे. लाट आत येऊ नये म्हणून नळीचा बराच भाग पाण्यावर राहिला पाहिजे आणि एक कप्पा गेला तरी माणसे तरली पाहिजेत. उत्पादकाने मागील फळीवरील पट्टीवर दिलेली मर्यादाच प्रमाण मानावी.

दोन माणसांच्या फेरीचा भार पुढीलप्रमाणे मांडता येतो : माणसे १५० किग्रॅ., १० अश्वशक्तीचे चतुर्घाती एंजिन ४०, टाकीसह पेट्रोल २२, विद्युत् घटमाला ७, नांगर व दोर ६, पिण्याचे पाणी १०, बर्फ व माशांची पेटी ३०, सुरक्षिततेची साधने व हत्यारे १०. एकूण २७५ किग्रॅ. होडीचे स्वतःचे ५० किग्रॅ. मिळविल्यास ३२५ किग्रॅ. होतात, म्हणजे नळीच्या तरणशक्तीचा सु. तिसरा हिस्सा. तीनांपैकी एक कप्पा निकामी झाला, तर होडी कलते पण बुडत नाही. तिसरा माणूस किंवा जास्तीची टाकी घेतल्यास हा राखीव भाग झपाट्याने घटतो. माशांचे वजन परतीच्या वेळी वाढते, हेही हिशोबात धरावे लागते.

हवेचा दाब : नळीतील दाब बहुतेक होड्यांत सु. ०·२५ बार असतो. दाब कमी असल्यास होडी मध्यभागी लवते व लाटेवर वाकते. उलट उन्हात तो वाढतो. सकाळी २५° से. तापमानास ०·२५ बारपर्यंत भरलेल्या नळीतील हवा ५०° से.पर्यंत तापली, तर दाब सु. ०·३५ बार होतो; म्हणजे तो सु. ४० टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे होडी वाळूवर उन्हात ठेवताना थोडी हवा सोडावी व पाण्यात उतरविल्यावर नळी थंड झाली की दाब पुन्हा पाहावा. हातपंप किंवा पायपंप नेहमी होडीतच असावा.

एंजिन व इंधन : मागील फळीच्या उंचीस जुळणारा दांडा असलेले एंजिन निवडतात, लहान होड्यांत ही उंची बहुधा ३८ सेंमी. असते. पंख्यावरील आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत येईल असे एंजिन बसवितात. ते फार वर बसल्यास पंखा हवा ओढतो, फार खाली बसल्यास पाण्याचा रोध वाढतो व उथळ जागी तळ लागतो. मळसूत्री पकडींखेरीज एंजिन एका दोराने फळीला बांधावे. चालक पाण्यात पडल्यास एंजिन बंद करणारी दोरी त्याच्या मनगटाला किंवा मांडीला अडकविलेली असावी. चालक पाण्यात व होडी गोल फिरत असल्यास फिरता पंखा हाच मोठा धोका असतो.

इंधनाचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी व उरलेला राखीव, असा नियम रूढ आहे. प्रवाहाचा परिणाम या नियमाचे महत्त्व स्पष्ट करतो. स्थिर पाण्यात ताशी १० किमी. वेगाने जाणारी होडी ताशी ४ किमी. ओहोटीबरोबर ७ किमी. अंतर ३० मिनिटांत जाते. त्याच ओढीविरुद्ध परतण्यास तिला ७० मिनिटे लागतात. गेल्याच्या दुपटीहून अधिक इंधन परतीला लागते, ते असे. एंजिन बंद पडल्यास उपयोगी म्हणून वल्ह्यांची जोडी आवश्यक असते. मात्र जोराच्या ओढीविरुद्ध वल्ह्यांनी होडी नेता येत नाही. अशा वेळी नांगर टाकून थांबणेच योग्य.

नांगर : चिखलाच्या तळात रुंद पात्यांचा नांगर चांगला रुततो. त्याला दोनतीन मीटर साखळी व पुढे दोर जोडतात. दोराची लांबी पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट असावी आणि खोली भरतीची धरावी. ओहोटीला ३ मी. पाणी असलेल्या जागी भरतीत ४ मी. वाढ झाल्यास खोली ७ मी. होते व ३५ मी. दोर लागतो. नांगराचा दोर नेहमी नाळेकडे बांधावा. एंजिनाच्या भाराने आधीच दबलेल्या मागील बाजूस तो बांधल्यास ओढीचे पाणी फळीवरून आत येते.

मांडणी : एंजिन, चालक व टाकी तिन्ही मागे आल्यास होडीची नाळ उचलली जाते व पुढचे दिसत नाही. म्हणून टाकी व बर्फाची पेटी पुढे सरकवून पट्ट्यांनी बांधतात. नळीच्या कापडाला भोके पाडता येत नसल्याने गळाच्या काठ्यांचे आधार बैठकीच्या फळीवर किंवा चिकटविलेल्या पट्ट्यांवर बसवितात. खोलीमापकाचा संवेदक मागील फळीला लावतात. गळ बुचांत खोचलेले व सुऱ्या म्यानात असाव्यात. शिंगाळ्याचे काटे व चिंबोरीचे आंकडे माणसाला तसेच होडीलाही इजा करतात. म्हणून मासा थेट पेटीत घेतात व तळाशी जाड चटई अंथरतात. धक्क्याच्या दगडांवरील कालवांच्या धारदार शिंपल्या हा कापडाचा सर्वांत मोठा शत्रू होय.

सुरक्षितता व कायदा : प्रत्येकाने निघण्यापासून परतेपर्यंत जीवरक्षक जाकीट घालावे. शिटी, विजेरी, होकायंत्र, पाणी उपसण्याचे भांडे, प्रथमोपचार पेटी, ठिगळ व गोंद आणि जलरोधक पिशवीतील भ्रमणध्वनी ही अन्य आवश्यक साधने होत. तटरक्षक दलाचा साहाय्य क्रमांक १५५४ हा आहे. कोठे जाणार व केव्हा परतणार हे किनाऱ्यावरील एका व्यक्तीस सांगून ठेवावे.

राज्याच्या सागरी हद्दीतील मासेमारीचे नियमन महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ या कायद्याने होते. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी बळकाविलेल्या मच्छीमार नौकेतून आले व रबरी होडीने कुलाब्यास उतरले. तेव्हापासून किनाऱ्यावरील नौकांची नोंदणी व खलाशांची ओळखपत्रे यांकडे काटेकोरपणे पाहिले जाते. अनोळखी रबरी होडी संशयास पात्र ठरणे स्वाभाविक असल्याने होडी घेण्यापूर्वीच मत्स्यव्यवसाय विभागाकडे परवान्याची चौकशी करावी, तिची कागदपत्रे जवळ बाळगावीत आणि उतरण्याच्या बंदरातील मच्छीमारांना ओळख द्यावी.

निगा : प्रत्येक फेरीनंतर होडी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवितात. एंजिन काही मिनिटे गोड्या पाण्यावर चालवून त्यातील क्षार काढतात व गंज रोखण्यासाठी लावलेला जस्ताचा तुकडा झिजल्यास बदलतात. पीव्हीसीचे कापड स्वस्त व हलके असते, परंतु कडक उन्हात लवकर कठीण होते. संश्लेषित रबराचे कापड महाग असले, तरी ऊन व पेट्रोल यांना अधिक काळ टिकते. योग्य रीतीने सजविलेली रबरी होडी खाडी व आडोशाच्या पाण्यासाठी उत्तम आहे. तथापि ती डोळ लावणाऱ्या भक्कम नौकेची जागा घेऊ शकत नाही. त्या नौकेचा तांडेल ज्या दिवशी वारा पाहून बंदरातच थांबतो, त्या दिवशी रबरी होडी पाण्यात उतरवू नये.