पांढऱ्या रश्शातलं कॅल्शियम येतं कुठून?

कोल्हापुरात हाडांचा विषय निघाला की गाडी तालमीवर नाहीतर मटणावर येते. नळी चोखणारा माणूस ठासून सांगतो, 'हाडाचा अर्क पोटात गेला, आता हाड मोडायचं नाही.' रश्शावरचं प्रेम अगदी रास्त, पण कॅल्शियमचा हिशेब वेगळा निघतो. हाडातलं कॅल्शियम फॉस्फेटबरोबर स्फटिकाच्या रूपात घट्ट बसलेलं असतं. साध्या पाण्यात तासन् तास उकळलं तरी त्यातलं फार थोडं सुटतं. अळणी पाण्यात उतरतात ती जिलेटिन, चरबी आणि चव. खरं कॅल्शियम असतं तीळ-खसखशीच्या वाटणात! 100 ग्रॅम तिळात 1200 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम, आणि खसखसही त्याच तोडीची. आता वाटीभर रश्शात हे वाटण चमचा-दोन चमचेच येतं, म्हणून रोजची गरज एकट्या रश्शावर भागायची नाही. ही गरज मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम. पूर्वी आपल्याकडे 600 पुरेसे मानत, 2020 साली राष्ट्रीय पोषण संस्थेने आकडा वाढवला. ही तूट भरायला चांगला आधार गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याच्या डोंगरउतारावर पिकतो. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे तांदूळ-गहू तिच्या जवळपासही नाहीत.

आपटी खा, हाड कमव

राजर्षी शाहू महाराजांचं खासबाग मैदान 1912 साली तयार झालं. त्याच्या 20 वर्षं आधी, 1892 मध्ये, युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने एक नियम मांडला होता: हाडावर जसा भार पडतो, तसं ते स्वतःला घडवतं. लाल मातीत रोज आदळणाऱ्या पैलवानाच्या अंगात हा नियम रोज चालू असतो. ज्युदोच्या खेळाडूंची हाडं मोजली तेव्हा त्यांची घनता न खेळणाऱ्यांपेक्षा चांगलीच जास्त निघाली. पोहणाऱ्यांचं मात्र उलट. दमसास आणि स्नायू जबरदस्त, पण पाणी अंगाचा भार उचलून धरतं, त्यामुळे निव्वळ पोहण्याने हाडाला फारसा फायदा होत नाही. रंकाळ्याला रोज फेरी मारणाऱ्यांनी पायऱ्यांची चढ-उतारही जोडीला घ्यावी, हे माझं प्रामाणिक सांगणं.

भारच नसेल तर काय होतं, ते अंतराळवीरांनी दाखवून दिलं. अवकाशात व्यायामाची नीट सोय नव्हती तेव्हा त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला 1 ते दीड टक्का झिजायचं. जमिनीवर उतारवयातली बाई साधारण तेवढं वर्षभरात गमावते.

पाच उड्या पुरे

जपानमध्ये उंदरांवर एक मजेदार प्रयोग झाला (1997). रोज 5 उड्या मारणाऱ्या उंदरांची हाडं बळकट झाली. 10, 20, 40, अगदी 100 उड्या मारायला लावल्या तरी पुढचा फायदा अगदी थोडा! हाडातल्या पेशी पहिले काही धक्के ऐकतात आणि मग त्यांचं लक्ष उडतं. काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा कान टवकारतात. नागपंचमीला, गौरीच्या रात्री आपल्या पोरी झिम्मा-फुगडी घालतात ती हाडांना मानवणारीच गोष्ट, फक्त वर्षातून दोनदा करून भागत नाही. एक इशारा तेवढा हवा: हाडं आधीच ठिसूळ झाली असतील तर उड्या, फुगडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

जुनं पाडा, नवं बांधा

मोठ्या माणसाच्या अंगात 206 हाडं, जन्मलेल्या बाळाच्या अंगात 270च्या वर. वाढताना काही एकमेकांना जुळतात. सुश्रुतसंहितेत हाडांची गणती 300 आहे आणि मोडलेल्या हाडांचे 12 प्रकार वेगवेगळे नोंदवलेत. कमाल पुढेच आहे. हाड आयुष्यभर नवं होत असतं. गवंड्यांच्या दोन टोळ्या असाव्यात तशा दोन जातींच्या पेशी: एक जुनं पोखरून काढते, दुसरी त्या जागी नवं भरते. साधारण 10 वर्षांत सगळा सांगाडा बदलून होतो. तिशीपर्यंत भरणाऱ्यांचा जोर असतो, पुढे पोखरणाऱ्यांचा. ही पोखरणारी टोळी आवरून धरण्याचं मोठं काम बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन करतं. पाळी गेली की लगाम सुटतो, आणि पहिल्या 5 ते 7 वर्षांत हाडांची घनता 10 टक्क्यांहून जास्त घसरू शकते. पाळी जाणं आणि ठिसूळ हाडं यांचं नातं अमेरिकेतल्या फुलर ऑल्ब्राइट यांनी 1941 मध्ये मांडलं.

इथे मला जरा थांबायचंय. दर हंगामात बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या साखरपट्ट्यात, कोल्हापूर-सांगलीच्या फडांत उतरतात. 2019 मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्यांतल्या पुष्कळ जणी ऐन तिशीतल्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात आटतं. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईच्या मणक्यासाठी हे किती धोक्याचं! या बायकांच्या हाडांची घनता कारखान्याच्या हद्दीतच, हंगाम चालू असताना मोजली जायला हवी. ती मागणी मी इथे करतेच.

दूधकट्ट्यावर कोण उभं असतं?

संध्याकाळी गंगावेशीत म्हशीच्या समोरच धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात मिळतो. असं शहर दुसरं दाखवा! पण कट्ट्यावर गर्दी असते ती पैलवानांची, पोरांची, बापयांची. ज्या वयात हाडांची जमा वाढवायची त्या वयातल्या मुली तिथे क्वचित दिसतात. आयांनो, मुलींना घेऊन जा, आणि एक ग्लास स्वतःसाठीही सांगा. (दूध तापवून घेतलेलं बरं.)

किरणोत्सव आणि ड जीवनसत्त्व

अंबाबाईच्या किरणोत्सवाला मावळतीची किरणं गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतात. डोळ्यांचं पारणं फिटतं, पण हाडांना लागणाऱ्या ड जीवनसत्त्वासाठी ही किरणं उपयोगाची नाहीत. सूर्य खाली असताना त्यासाठी लागणारी अतिनील किरणं वातावरणातच अडतात. सोपी खूण अशी, की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला 17 अंशांच्या अलीकडे आहे, म्हणून डिसेंबरातही दुपारी इथे सूर्य जवळजवळ 50 अंश वर येतो. लंडनवाल्यांना हिवाळ्यात हे मिळत नाही. बंद काचेतून येणारं ऊन मात्र जमेत धरू नका.

औषधांची अजब कुळं

दक्षिण आफ्रिकेतल्या काही आफ्रिकानर कुटुंबांत हाडं वाजवीपेक्षा फार जाड होण्याचा दुर्मीळ आजार आहे. 2001 मध्ये त्यामागचं जनुक सापडलं. हाडाची भर थांबवणारं स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन या लोकांत तयारच होत नव्हतं. मग तेच प्रथिन अडवणारं इंजेक्शन बनलं, रोमोसोझुमॅब, आणि 2019 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. ठिसूळ हाडांच्या नेहमीच्या गोळ्या, म्हणजे बिसफॉस्फोनेट, त्यांचे पूर्वज पाण्याच्या पाइपात क्षार साचू नयेत म्हणून वापरत. आणि कॅल्सिटोनिन हे हार्मोन सामन माशाचं घेतलं तर माणसाच्या स्वतःच्या हार्मोनपेक्षा जास्त जोरकस निघतं.

आठवडी बाजारातल्या बिनलेबलाच्या सांधेदुखीच्या पुड्यांचं कुळ वेगळंच. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं देशभर आहेत, आणि महिनोन् महिने पोटात गेलेलं स्टेरॉइड हाडं पोखरतं.

आईचा खुबा मोडला होता?

इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठाने 2008 मध्ये 'फ्रॅक्स' नावाची प्रश्नावली आणली. वय, वजन, उंची, आधी मोडलेलं हाड, धूम्रपान, स्टेरॉइड, आणि आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, अशा माहितीवरून पुढच्या 10 वर्षांत हाड मोडायची शक्यता निघते. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा मशीनचा आकडा जवळ नसला तरी चालतं. भारतासाठी तिची वेगळी आवृत्तीही आहे. पण पडण्याबद्दल ती काहीच विचारत नाही. ते आपणच डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे न्हाणीत किती वेळा पाय घसरला ते. आणि घरात भिंतीला टेकून उंचीची खूण करा. मणका दबून मोडल्याचं बहुतेकांना कळतच नाही, पाठ दुखतेय म्हणून सोडून देतात. तरुणपणापेक्षा उंची 4 सेंटिमीटरने घटली असेल तर पाठीचा एक्स-रे काढाच.

पुण्याचा लाडू

हाडांची गोष्ट जन्माआधी सुरू होते, हे दाखवणारं मोलाचं काम आपल्या शेजारी झालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने जवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचं खाणंपिणं टिपून ठेवलं, आणि त्यांची मुलं 6 वर्षांची झाल्यावर मुलांची हाडं मोजली. गरोदरपणी ज्यांच्या ताटात दूध, डाळी, पालेभाज्या असे कॅल्शियमचे पदार्थ जास्त वेळा होते, त्यांच्या मुलांची हाडं जास्त भरीव निघाली. हा निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यातच जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांना कॅल्शियम द्यायचं ठरवलं. एवढी लहान पोरं रोज गोळी कशी गिळणार? त्यांनी लाडू वळले. ड जीवनसत्त्व सगळ्यांनाच दिलं, जास्तीचं कॅल्शियम मात्र एकाच गटाच्या लाडवात घातलं. वर्षभराने त्या गटातल्या मुलांच्या हाडांत खनिजाची भर जास्त पडलेली दिसली.