एक चिमुकला तुकडा आणि स्नायूंची ताकद



सकाळी बरे असते, पण संध्याकाळी पापण्या उतरतात, एकाचे दोन दिसतात, जेवता जेवता चावून जबडा थकतो. आपल्या वयात असे झाले की आपण "म्हातारपण आले" म्हणून सोडून देतो. पण कधी कधी दोष वयाचा नसून नस आणि स्नायू जिथे भेटतात त्या जागेचा असतो.

मेंदूचा हुकूम नसेतून येतो. नस स्नायूला चिकटलेली नसते, मध्ये अगदी बारीक फट असते. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटते, ते स्नायूवरच्या रिसेप्टरना लागले की स्नायू आखडतो. त्यासाठी रिसेप्टर नसेच्या बरोबर समोर दाटीने असावे लागतात. त्यांना तिथे गोळा करणारे प्रथिन म्हणजे ॲग्रिन.

ॲग्रिन नसही बनवते आणि स्नायूही. जीन एकच, म्हणजे कृती एकच. पेशी त्या कृतीची नक्कल काढते, नकलेतले काही भाग कापते आणि उरलेले जोडते. कोणता भाग ठेवायचा हे पेशीनुसार बदलते. याला पर्यायी स्प्लायसिंग म्हणतात. सोलकढीच्या कृतीतून कोकमाची एक ओळ गाळली तर हाती नुसते नारळाचे दूध राहते, तसेच हे.

नस आपल्या ॲग्रिनमध्ये एक-दोन छोटे तुकडे जास्त ठेवते. त्यातला एक अवघ्या 8 अमिनो आम्लांचा. पूर्ण प्रथिन सुमारे 2,000 अमिनो आम्लांचे! पण या तुकड्यामुळेच ॲग्रिन स्नायूवरच्या एलआरपी-4 या प्रथिनाला घट्ट धरते. मग एलआरपी-4 हे मस्क नावाच्या प्रथिनाला जागे करते आणि रिसेप्टर गोळा होतात. स्नायूच्या ॲग्रिनमध्ये हा तुकडा नसतो, म्हणून त्याला हे काम जवळजवळ जमत नाही. प्रयोगात ज्या उंदरांमध्ये हे तुकडे काढून टाकले, ती पिल्ले श्वास न घेता आल्याने जन्मताच दगावली.

मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात हा तुकडा शाबूत असतो, पण शरीराची प्रतिकारशक्तीच या जागेवर उलटते. बहुतेकांत रिसेप्टरवर, काहींत मस्कवर, थोड्यांत एलआरपी-4 वर. हा आजार साठीनंतरही सुरू होतो. रक्ततपासणीने बहुधा कळतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

लक्षात ठेवा:

• वापराने वाढणारा आणि विश्रांतीने कमी होणारा अशक्तपणा कुपात होलीमच्या डॉक्टरांना सांगा. कोणत्या वेळी त्रास होतो ते लिहून न्या.

• निदान झालेले असेल तर नवे औषध घेताना आजाराचे नाव आधी सांगा. काही अँटिबायोटिक आणि मॅग्नेशियमने अशक्तपणा वाढतो.

• घास गिळता येईना, श्वास लागू लागला, किंवा अचानक तोंड वाकडे होऊन हात लुळा पडला, तर थांबू नका. लगेच 101 ला फोन करा.