चार क्वार्कांचे कोडे आणि अनेकान्ताची शिस्त

इन्सुलीच्या तपासणी नाक्याकडे रात्रीच्या अंधारात चार दिवे येताना दिसले, तर ते एकाच मोठ्या वाहनाचे आहेत की एकमेकांना खेटून चाललेल्या दोन वाहनांचे, हे दुरून सांगता येत नाही. कणभौतिकीपुढे आज असाच प्रश्न उभा आहे.

प्रोटॉन तीन क्वार्कांचा असतो. मेसॉन एक क्वार्क व एक प्रतिक्वार्क यांचा. 2003 साली जपानमधील ‘बेल’ प्रयोगात ‘एक्स (3872)’ हा कण आढळला. साध्या मेसॉनच्या चौकटीत तो बसेना. 2021 मध्ये सर्न येथील ‘एलएचसीबी’ प्रयोगाने दोन जड चार्म क्वार्क आणि दोन हलके प्रतिक्वार्क असलेला ‘टीसीसी’ हा कण जाहीर केला.

या कणांविषयी दोन मुख्य मते आहेत. एका मते ते दोन मेसॉनांचे सैल जोडलेले ‘रेणू’ होत. दुसऱ्या मते चारही घटक एकाच घट्ट गाठीत बांधलेले आहेत. टीसीसीचे वस्तुमान सुमारे 3875 मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट असून, त्याच्या दोन घटक मेसॉनांच्या बेरजेहून ते एका एककानेही कमी नाही. एवढे क्षीण बंधन पहिल्या मताला बळ देते.

परंतु चार्मच्या जागी अधिक जड बॉटम क्वार्क आले तर? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नीलमणी माथुर यांनी परीक्षित जुन्नरकर व एम. पद्मनाथ यांच्यासह अवकाश-काळाची जाळी कल्पून महासंगणकावर ही गणना केली. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार दोन बॉटम क्वार्कांच्या अशा कणाचे बंधन 100 मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक असावे. इतके दृढ बंधन सैल रेणूच्या कल्पनेत सहज सामावत नाही. प्रयोगात तो कण अद्याप सापडायचा आहे.

तत्त्वार्थसूत्रात परमाणूंच्या बंधाचे कारण स्निग्ध व रूक्ष गुणांत सांगितले आहे. तेवढ्यावरून ‘क्वार्क आमच्या शास्त्रात होतेच’ असे म्हणणे शास्त्रावर आणि विज्ञानावर, दोहोंवर अन्याय ठरेल. घेण्याजोगी आहे ती अनेकान्ताची शिस्त. अनेकान्त म्हणजे ‘सर्वच मते सारखी खरी’ असे नव्हे. प्रत्येक नयाने आपली अपेक्षा, म्हणजे कोणत्या मर्यादेत आपण बोलतो ते, स्पष्ट सांगावे लागते. एका कणाबाबत रेणूचे मत ग्राह्य ठरेल, दुसऱ्याबाबत घट्ट गाठीचे, तिसऱ्यात दोन्ही रूपांचा अंश असेल; मात्र निर्णय मोजमापानेच होईल. आपले मत मांडतानाच ते कशाने खोटे ठरेल हेही सांगणारा अभ्यासक ‘स्यात्’ या शब्दाचा खरा मान राखतो.