तुमचा एक्स-रे आणखी कोण पाहतो?

चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावर गोदामे आणि कारखाने आहेत. तिथे माल उचलणाऱ्या एखाद्या कामगाराचा खोकला दोन आठवडे झाले तरी थांबत नाही. डॉक्टर त्याला थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करायला सांगतात. तो एखाद्या सेंटरमध्ये जाऊन एक्स-रे काढून येतो. पूर्वी मोठ्या खाकी पाकिटात फिल्म मिळायची. आता मोबाइलवर एक लिंक येते आणि अहवाल कदाचित दुसऱ्याच शहरात बसलेला रेडिओलॉजिस्ट देतो. सोय मोठी आहे. कामणहून वसईला किंवा भिवंडीला पुन्हा पुन्हा खेटे घालावे लागत नाहीत, रोजंदारी बुडत नाही.

ती प्रतिमा मधल्या काळात असते कुठे? एका सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालू राहून इतर संगणकांना माहिती पुरवणारा संगणक. तो सेंटरच्या मागच्या खोलीत असेल किंवा भाड्याने घेतलेल्या जागेवर दूर कुठेतरी. एक्स-रे, सीटी, एमआरआय यांच्या प्रतिमा साठवणाऱ्या यंत्रणेला ‘पॅक्स’ म्हणतात आणि या प्रतिमा ज्या ठरावीक पद्धतीने लिहिल्या जातात तिला ‘डायकॉम’. डायकॉमच्या फायलीत फक्त चित्र नसते. रुग्णाचे नाव, वय, जन्मतारीख, तपासणीची तारीख, डॉक्टरचे नाव, कधी कधी ओळख क्रमांकही त्या चित्राला चिकटलेला असतो.

महाराष्ट्र सर्वांत पुढे

ग्रीनबोन या जर्मन कंपनीने २०१९ मध्ये जगभरातले असे सुमारे २,३०० सर्व्हर तपासले. त्यांपैकी ५९० सर्व्हर कोणालाही उघडता येत होते. त्यासाठी कुलूप फोडावे लागले नाही, पासवर्ड चोरावा लागला नाही. इंटरनेटवर फुकट मिळणारे प्रतिमा पाहण्याचे सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे होते. कंपनीने संबंधित देशांना कळवले आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी केली. काही देशांनी आपले सर्व्हर बंद केले होते. भारतात मात्र उघड्या प्रतिमांची संख्या सुमारे साडेदहा कोटींवरून बारा कोटींवर गेली होती.

फेब्रुवारी २०२० मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा देशात पहिला क्रमांक महाराष्ट्राचा होता. राज्यातील तपासण्यांचे ३ लाखांहून अधिक संच आणि त्यांतल्या जवळपास ७ कोटी प्रतिमा उघड्यावर होत्या. सीटीच्या एका तपासणीत शेकडो काप असतात, म्हणून प्रतिमांचा आकडा एवढा फुगलेला दिसतो. पण ३ लाख तपासण्या म्हणजे नाव-गाव असलेली माणसे, हे विसरून चालणार नाही.

‘माझ्या छातीचा फोटो पाहून कोणाला काय मिळणार?’ असे अनेकांना वाटते. क्षयरोगाचा डाग मालकाला किंवा घरमालकाला कळला तर काय होते, हे मात्र वस्तीत राहणाऱ्या रुग्णाला नीट माहीत असते. क्षयाचे रुग्ण उपचार मध्येच सोडतात त्यामागे औषधांचा त्रास असतो तशी बोभाट्याची भीतीही असते. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की, मधल्या मध्ये पकडलेल्या सीटी प्रतिमेत फुप्फुसातली गाठ घुसवता येते किंवा असलेली गाठ पुसता येते. अनुभवी रेडिओलॉजिस्टही त्या बनावट प्रतिमांना फसले. म्हणजे प्रश्न फक्त गुप्ततेचा नाही, तो निदानाचाही आहे.

मोफत आहे, म्हणजे सांभाळायला नको?

छोट्या रुग्णालयांना लाखो रुपयांची सॉफ्टवेअर परवडत नाहीत. त्यांना मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स प्रणालींचा मोठा आधार आहे. अशा प्रणालीची मूळ संहिता सर्वांसाठी खुली असते. कोणीही ती वाचू शकतो, वापरू शकतो, सुधारू शकतो. जगातले बहुतांश सर्व्हर ज्या लिनक्सवर चालतात ती अशीच प्रणाली. रुग्णांच्या नोंदींसाठी ‘ओपनएमआरएस’ आहे. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयाच्या गरजेतून उभी राहिलेली ‘बहमनी’ आहे. एक्स-रे, सीटीच्या प्रतिमांसाठी बेल्जियममधील लिएज विद्यापीठ रुग्णालयात जन्मलेली ‘ऑर्थँक’ आहे. भारत सरकारनेही २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले.

महाराष्ट्रातल्या त्या उघड्या सर्व्हरचा दोष सॉफ्टवेअर विकतचे की मोफत हा नव्हता. दार उघडे ठेवले गेले, हा होता. पण मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक फसगत होते. ते बसवायला पैसे लागत नाहीत, म्हणून सांभाळायलाही लागणार नाहीत असे गृहीत धरले जाते. एखादा ओळखीचा तरुण ते बसवून देतो, यंत्र सुरू होते आणि नंतर पाच वर्षे त्याला कोणी हात लावत नाही. ‘चालतंय ना, मग कशाला छेडायचं?’ हे वाक्य बहुतेक रुग्णालयांत ऐकायला मिळते.

ऑर्थँकचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिच्या १.५.८ पूर्वीच्या आवृत्त्यांत बाहेरच्या संगणकांना प्रवेश दिला, तरी पासवर्डची अट आपोआप लागू होत नसे. २०१९ मध्ये आलेल्या १.५.८ या आवृत्तीत ही उणीव दूर झाली. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. औषध पाच वर्षांपासून फुकट उपलब्ध होते. ते फक्त घ्यायचे होते.

दुरुस्ती जाहीर झाली की घड्याळ सुरू होते

संहिता खुली असल्याने चुका लवकर सापडतात आणि दुरुस्तीही लवकर होते. पण दुरुस्ती जाहीर झाली की चूक कुठे होती हे हल्लेखोरांनाही समजते. तेव्हापासून घड्याळ सुरू होते. अमेरिकेतील इक्विफॅक्स ही लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणारी कंपनी. तिच्या एका सर्व्हरवर ‘अपाची स्ट्रट्स’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर होते. त्यातल्या दोषाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली. कंपनीने ती त्या सर्व्हरवर बसवली नाही. मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

विकतच्या सॉफ्टवेअरचेही तेच. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजची एक दुरुस्ती दिली होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ आला आणि दुरुस्ती न बसवलेले संगणक त्याने जगभर बंद पाडले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या, काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या.

मग आलेले प्रत्येक नवे काही त्याच क्षणी घ्यावे का? तसेही नाही. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर दूरून प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असे जाणवले. त्याने खोदून पाहिले, तेव्हा ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या छोट्या घटकात कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातल्याचे उघड झाले. तो अगदी ताज्या, चाचणीतल्या आवृत्त्यांत शिरला होता. डेबियनसारख्या प्रणालींच्या स्थिर आवृत्त्या त्यातून वाचल्या. यातून घेण्यासारखा नियम सोपा आहे. रुग्णालयाच्या सर्व्हरवर स्थिर आवृत्ती वापरावी आणि तिच्यासाठी अधिकृतपणे येणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या न चुकता घ्याव्यात. नव्या सोयींची घाई करू नये, सुरक्षेत दिरंगाई करू नये.

प्रत्येक आवृत्तीला औषधासारखी मुदतही असते. अनेक सर्व्हरवर असलेल्या ‘सेंटओएस ७’ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. त्यानंतर सापडलेल्या दोषांवर तिच्यासाठी नेहमीच्या दुरुस्त्या येत नाहीत. यंत्र मात्र पूर्वीसारखेच चालत राहते. उच्च रक्तदाबाचे असेच असते. काही दुखत नाही, म्हणून माणूस तपासत नाही.

दिल्लीचा धडा

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मधील सर्व्हर खंडणीखोर सॉफ्टवेअरने जखडले. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे सरकारने संसदेत सांगितले. जाळ्याचे वेगवेगळे भाग नीट अलग केलेले नव्हते, हे त्यामागचे एक कारण होते. पुढचे अनेक दिवस केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, बिले सारे हाताने लिहावे लागले. रुग्णांच्या रांगा वाढल्या. बाधित न झालेल्या बॅकअप सर्व्हरवर प्रत शिल्लक होती, म्हणून नोंदी परत मिळाल्या. ती नसती तर?

देशातल्या एवढ्या मोठ्या रुग्णालयावर ही वेळ येते, तर पंधरा खाटांच्या रुग्णालयाने किती सावध राहायला हवे?

रुग्णालयांनी एवढे तरी करावे

● सर्व्हरची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाकावी. निर्जंतुकीकरणाच्या नोंदवहीसारखी एक वही ठेवावी: कोणते सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, मुदत कधी संपते, शेवटची दुरुस्ती कधी बसवली.

● सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसतील अशी सोय लिनक्समध्ये असते, ती चालू ठेवावी. यंत्र पुन्हा सुरू करण्यासाठी ओपीडी संपल्यानंतरची वेळ ठरवावी.

● एक्स-रे, सीटीचा सर्व्हर थेट इंटरनेटवर ठेवू नये. बाहेरच्या डॉक्टरांना व्हीपीएनमधून, म्हणजे सुरक्षित बंदिस्त मार्गाने, प्रवेश द्यावा.

● यंत्रासोबत आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. सर्वांना मिळून एकच पासवर्ड नको. नोकरी सोडून गेलेल्यांचे प्रवेश बंद करावेत.

● माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक रुग्णालयाबाहेर आणि जाळ्यापासून तोडलेली असावी. दर तीन महिन्यांनी त्या प्रतीवरून माहिती खरोखर परत येते का, हे करून पाहावे.

● हल्ला झाला तर लपवू नये. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. माहितीची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

आणि रुग्णाने?

रुग्णाला सर्व्हर दिसत नाही, पण विचारता येते. ‘माझ्या एक्स-रेची लिंक किती दिवस चालू राहते? ती उघडायला ओटीपी लागतो का? लिंक दुसऱ्याच्या हाती पडली तर त्यालाही उघडते का?’ अहवाल मिळाला की तो आपल्याकडे जतन करून ठेवावा. गावच्या किंवा कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तो टाकू नये. एवढी चौकशी चार जणांनी केली, तरी सेंटरचा मालक आपल्या संगणकवाल्याला फोन लावतो.

कामणच्या गोदामात काम करणाऱ्या माणसाने एक्स-रेसाठी यंत्रासमोर उभे राहून श्वास रोखला, तो डॉक्टरवरच्या विश्वासाने. क्षयाचे निदान झालेच, तर किमान सहा महिने औषधे घ्यायची ती याच विश्वासावर. त्याच्या छातीतला डाग त्याने, त्याच्या डॉक्टरने आणि उपचारांसाठी गरज असलेल्यांनीच पाहावा, याची जबाबदारी आता मागच्या खोलीत सुरू असलेल्या त्या संगणकापर्यंत पोहोचली आहे. त्याची शेवटची दुरुस्ती कधी बसवली, हे रुग्णालयाच्या प्रमुखाने आजच विचारून घ्यावे.