वाघाचें छायाचित्र



दिनदर्शिकेवर, मासिकाच्या मुखपृष्ठावर किंवा मुलांच्या हातांतील मोबाइलवर आपण वाघाचें चित्र पाहतों, "वा!" म्हणतों आणि पान उलटतों. तें कोठें काढलें, कसें काढलें, आणि तें काढतांना त्या जनावराला काय सोसावें लागलें, हें विचारण्याची आपणांस संवय नाहीं. आज त्याविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

वाघ हा छायाचित्रकाराच्या दृष्टीनें मोठा गैरसोयीचा प्राणी. तो हिंडतो तें बहुधा सायंकाळीं, रात्रीं आणि पहांटे. आणि कॅमेऱ्याचें तर प्रकाशावांचून कांहींच चालत नाहीं. उजेड कमी असला म्हणजे शटर अधिक वेळ उघडें ठेवावें लागतें. तेवढ्यांत वाघ एक पाऊल सरकला कीं पट्ट्यांऐवजीं नुसता पिवळा फराटा उमटतो.

या अडचणीवर वनखात्यांतील फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन या अधिकाऱ्यानें मोठ्या चिकाटीनें तोड काढली. ते तेव्हांच्या संयुक्त प्रांतांतील अरण्यांत नोकरीस होते. जनावरांच्या नेहमींच्या वाटेवर ते बारीक तार आडवी बांधीत. तिला वाघाचा पाय लागला कीं फ्लॅशची भुकटी पेटून लख्ख उजेड पडे आणि चित्र निघे. भुकटी एकदांच पेटणार, म्हणून एका रात्रीं एकच चित्र. आणि तें वाघाचें निघेल कीं साळिंदराचें, हें जो प्रथम तार ओढील तोच ठरविणार! 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हें त्यांचें पुस्तक १९२७ सालीं प्रसिद्ध झालें. चित्रें एकापाशीं एक ठेवून पाहतां त्यांना दिसून आलें कीं, कोणत्याहि दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात.

पुढें जिम कॉर्बेट यांनीं चलच्चित्राचा कॅमेरा हातीं घेतला, तेव्हां अडचण आली ती आवाजाची. कॅमेरा घरघरे आणि वाघ बिचके. त्यांनीं ओढ्यावर लहान लहान बांध घालून पाणी खळाळतें केलें आणि त्या आवाजांत यंत्राची घरघर बुडविली. मला या हकीकतींतला हाच भाग फार आवडतो. यंत्र गप्प बसेना, तेव्हां त्यांनीं ओढ्यालाच बोलतें केलें.

चॅम्पियनांच्या तारेची जागा आज उष्णता व हालचाल ओळखणाऱ्या यंत्रानें घेतली आहे. वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टे निरनिराळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर असे दोन कॅमेरे बसवितात. या चित्रांवरून वाघांची संख्या काढण्याची रीत उल्लास कारंत यांनीं कर्नाटकांतील नागरहोळेच्या अरण्यांत वापरून १९९५ सालीं प्रसिद्ध केली. तिच्यांतील तत्त्व शाळकरी मुलालाहि समजेल. पहिल्या खेपेस वीस वाघ ओळखले. दुसऱ्या खेपेस बहुतेक तेच पुन्हां दिसले, तर न दिसलेले थोडे. बहुतेक नवेच दिसले, तर न दिसलेले पुष्कळ. २०१८ च्या देशव्यापी गणनेंत २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे लावले होते. त्यांनीं ३ कोटी ४८ लाखांवर चित्रें टिपलीं, त्यांत वाघाचीं ७६,६५१. आणि पट्ट्यांवरून, बछडे वगळून, २,४६१ वाघ एकेकटे ओळखतां आले. एवढ्या पसाऱ्यांत वाघाच्या अंगाला कोणाचा हात लागला नाहीं.

हेंच तंत्र शहराच्या कुशींतहि उपयोगी पडतें. मुंबईच्या आरे वसाहतींत, वारली लोकांच्या घरांमधल्या गल्लींतून रात्रीं बिबळ्या जातो, तें दृश्य नयन खानोलकर यांनीं असेंच टिपलें. त्यासाठीं त्यांनीं गल्लींतल्या नेहमींच्या दिव्यांसारखा भासेल असा प्रकाश योजला होता. २०१६ सालीं त्या चित्रास आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत शहरी विभागाचें पारितोषिक मिळालें. त्या चित्रांत बिबळ्याइतकीच माणसांची घरें महत्त्वाचीं आहेत.

परंतु गाडींत बसून चित्र काढणारांची गोष्ट निराळी. ३१ डिसेंबर २०२४ रोजीं नागपूरकडील उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत एका वाघिणीला तिच्या पांच बछड्यांसह सफारीच्या गाड्यांनीं अडविलें. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्याची आपण होऊन दखल घेतली. अशा वेळीं टिपलेल्या चित्राच्या चौकटींत गाड्या आल्या नाहींत, तर घरीं बसून पाहणाराला तें उत्तम वनचित्रच वाटेल.

आतां पिंजऱ्याकडे वळूं. प्राणिसंग्रहालयांतील जाळी चित्रांतून नाहींशी करतां येते. कठड्याच्या बाहेर राहूनच भिंग जाळीच्या शक्य तितकें जवळ न्यावें, भिंगाचें छिद्र पूर्ण उघडावें, आणि वाघ जाळीपासून बराच दूर असतांना चित्र घ्यावें. टांचणी डोळ्याजवळ धरून समोरच्या भिंतीकडे पाहा. टांचणी पुसट होते, तसेंच हें. कांच असेल तर भिंग तिला टेकवावें आणि फ्लॅश बंद ठेवावा, नाहीं तर आपलेंच प्रतिबिंब हातीं लागतें.

जाळी पुसली म्हणून चित्र खोटें झालें काय? मला तसें वाटत नाहीं. वाघाच्या मिशा, डोळ्यांतील वाटोळी बाहुली, जिभेवरचे कांटे मुलांना दाखवावयाचे तर पिंजऱ्यांतील चित्रच कामास येतें. खोटेपणा शिरतो तो चित्राखालच्या ओळींत. लंडनच्या प्रसिद्ध वन्यजीव-छायाचित्र स्पर्धेंत २००९ सालीं फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला पहिलें पारितोषिक मिळालें. तो लांडगा माणसाळलेला असावा असें परीक्षकांचें मत झाल्यावर २०१० च्या जानेवारींत तें काढून घेण्यांत आलें. लांडग्याचें हें, तर वाघसिंहांचें काय! अमेरिकेंत भाड्यानें हिंस्र प्राणी उभे करून देणारे मळेच आहेत. बर्फांत धांवणारा वाघहि तेथें भाड्यानें मिळत असे.

याहून वाईट प्रकार म्हणजे वाघाला कवटाळून काढलेलें स्वतःचें चित्र. थायलंडमधील कांचनबुरी येथील 'वाघांच्या मठां'त प्रवासी अशीं चित्रें हौसेनें काढून घेत. २०१६ सालीं सरकारनें तेथून १३७ जिवंत वाघ हलविले, तेव्हां शीतपेटींत ४० मेलेले बछडे सांपडले. मांडीवर घेण्याजोगा बछडा थोडेच महिने तसा राहतो. म्हणून असा धंदा चालवावयाचा तर सतत नवे बछडे हवेत, आणि वाढलेल्यांचें काय करावयाचें हा प्रश्न राहतोच. अमेरिकेनें डिसेंबर २०२२ मध्यें कायदा करून लोकांना अशा बछड्यांस हात लावण्याची मनाई केली.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८-जे या कलमानें प्राणिसंग्रहालयांतील जनावरास डिवचणें, खाऊ घालणें किंवा गोंगाटानें त्रास देणें मना आहे. झोपलेल्या वाघानें कॅमेऱ्याकडे पाहावें म्हणून कांचेवर टकटक करणारे गृहस्थ रविवारीं पुष्कळ दिसतात. तीहि त्यांतच येते.